ओट्यावर न वाचलेलं पत्र

मखमलाबाद, नाशिक
मंगळवार, २० मार्च २००१

ति. कुसाआत्यास,
मंजूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

आधी चूक दुरुस्त करते, मग खुशाली. माझ्या १२ तारखेच्या पत्रात मी तीन गोष्टी लिहिल्या होत्या. अण्णांनी परदेशात करारावर सही केली, कसणाऱ्यांची जमीन सुटली आणि कागद आला आहे. यातली तिसरी गोष्ट खरी नव्हती. त्या दिवशी कागद आला नव्हता, फक्त फोन आला होता. तो संघटनेच्या ऑफिसात गोरक्षभाऊंनी घेतला. फोन ठेवल्यावर त्यांनी माझ्या टेबलावर थाप मारली आणि म्हणाले, लिही तुझ्या आत्याला, गायरान सुटलं म्हणून; कागद संध्याकाळपर्यंत फॅक्सनं येतोच आहे. टपाल साडेचारला निघतं. मला वाटलं, संध्याकाळी येणारच आहे तर आत्ताच लिहायला काय हरकत आहे. आणि खरं सांगायचं तर, नुसतं अण्णांनी कळवलं आहे असं लिहिलं असतं, तर तू पत्र वाचून दाखवणाऱ्या ललितदादांना पहिलं हेच विचारलं असतंस की कागद आला का. तुझा प्रश्न यायच्या आधीच मी उत्तर लिहून मोकळी झाले.

कागद काल आला. तीन पानं आहेत, इंग्रजीत. डिक्शनरी घेऊन मी ती चार वेळा वाचली, कारण पहिल्या वेळी मला वाटलं माझंच इंग्रजी कच्चं आहे. त्यात असं आहे की, ज्या जमिनीवर तलाठ्याच्या दप्तरात पीकपाहणी लागलेली आहे तेवढी सोडायची; बाकी सगळ्या गायरानाला तारेचं कुंपण घालून त्या देशाच्या पैशातून झाडं लावायची. तुम्ही एकेचाळीस जणी बारा वर्षं तिथं बाजरी आणि कुळीथ पेरता, पण दप्तरात तुमच्या नावची एक ओळ नाही. म्हणजे आपली जमीन सुटलेली नाही. आणि खाली अण्णांची सही आहे, मराठीत, त्या देशाच्या मंत्रीणबाईंच्या सहीशेजारी.

म्हणून हात जोडून सांगते, उठू नका. कागद आल्याशिवाय रस्त्यावरून उठायचं नाही अशी तुम्ही संक्रांतीला शपथ घेतली होती, ती अजून संपलेली नाही. हे पत्र सोमवारच्या बाजाराची वाट न बघता, मिळेल त्याच दिवशी वाचून घे.

इथं बापू पाडव्याच्या फुलांत गुंतले आहेत. अण्णांच्या सत्काराच्या हारांचं कामही त्यांच्याकडेच आलं आहे. भाऊ परदेशातून येतोय म्हटल्यावर शेवंती कमी पडायला नको, म्हणून दोन वाफे राखून ठेवलेत. आईनं तुझ्यासाठी चिवडा करून ठेवला आहे, पण येणारं कुणी मिळत नाही.

रागावणं झालं की पुन्हा माया करायला विसरू नकोस.

तुझी
मंजू


वडदरे, ता. सटाणा
पाडवा, सोमवार, २६ मार्च २००१

चि. मंजुषास,
कुसाबाईचे अनेक आशीर्वाद. (लिहिणार ललित, शाखा डाकपाल. मजकूर तिचा, शुद्धलेखन माझे.)

तुझे २० तारखेचे पत्र शुक्रवारी २३ला मिळाले. आम्ही सोमवारी १९लाच उठलो.

तुझे आधीचे पत्र त्या दिवशी बाजारात, पोस्टाच्या ओट्यावर वाचले. नेहमीप्रमाणे दोनदा वाचले. नवसाबाईला दोनदा पुरले नाही, तिने कागद आला आहे एवढीच ओळ तिसऱ्यांदा वाचून घेतली आणि ललितला म्हणाली, बोट ठेवून दाखव कुठे लिहिले आहे. त्याने दाखवले. मग आम्ही चौसष्ट दिवसांची ताडपत्री घडी केली, रस्ता झाडून काढला, चूल विझवली आणि गूळ वाटला. सरुबाईला तर रडू आले; तिला तिथे बसायची सवय झाली होती.

गुरुवारी खांबांचा ट्रक आला. हा ड्रायव्हर आम्ही तीनदा परत पाठवलेला, दर वेळी चहा पाजून. त्याने गाडी थांबवून गुराख्यांना विचारले म्हणे, बाया कुठे गेल्या, आजारी आहेत का. शनिवारपर्यंत आंब्याच्या अंगाने पन्नास खांब उभे राहिले. शुक्रवारी तुझे पत्र ऐकल्याबरोबर आम्ही पुन्हा गेलो, पण आता पोलीस म्हणतात, कुंपण ही सरकारी मालमत्ता आहे, दोनशे फुटांवर बसा. दोनशे फुटांवर नवसाबाईच्या गोठ्याची भिंत आहे. तिथे बसून कुणाला अडवायचे?

तू रडत असशील. रडलीस की तुझे नाक लाल होते, ते मला इथून दिसते आहे. (मी, ललित: पुढचे वाक्य जसेच्या तसे लिही असा तिचा हुकूम आहे, म्हणून लिहितो.) पोरी, तू लिखं, आम्ही आयकं, पन उठनूत ते आम्हीच.

आता एक विचारते. वाल्मीकने सही केली ती वाचून केली ना? आपल्या घरात शाळेची पायरी कुणी चढले नव्हते, तो तर तिशीत तुरुंगात अक्षर शिकला. तेव्हापासून तो पुड्याचा कागदही वाचल्याशिवाय टाकत नाही. अख्ख्या तालुक्याला त्यानेच सांगितले, वाचून घेतल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही. म्हणून मी नवसाबाईला म्हटले, त्याने वाचून सही केली आहे तर त्यात काही तरी आपल्या भल्याचे असेल, पोरीला कळले नसेल. तू त्याला विचार.

आणि त्याचे पत्र कसे नाही? आणीबाणीत आत होता तेव्हा आठवड्याला एक यायचे. ते आधी जेलचा साहेब वाचायचा. म्हणून वाल्मीकनेच लिहिले होते, सरकारने वाचले ते माझ्या माणसांनी का ऐकू नये, ओट्यावर वाचा. तेव्हा ललितचे वडील वाचायचे. तेव्हापासून आपल्या घरचे पत्र कधी एकट्याचे राहिलेले नाही. आता विलायतेतून एक ओळ नाही. तिथे शाई गोठते का?

चिवडा पाठव. कुणी मिळाले नाही तर एसटीच्या कंडक्टरबरोबर पाठव. ललित म्हणतो पोस्टाने पाठवू नये, पोहोचताना त्याचे पीठ होते.

आमचा जीव तुझ्यावर आहे, तो तिथेच राहील.

कुसाबाई
(तिचा अंगठा. मी, ललित: तुझी चूक झाली, पण बोट ठेवून मी दाखवले, हेही लक्षात ठेव.)


(पाकिटावर नाशिकचा शिक्का : २८ मार्च)

परदेशातून
शुक्रवार, ९ मार्च २००१

चि. मंजूस,
अण्णांचे आशीर्वाद.

खिडकीबाहेर बर्फ आहे. बापूचा मफलर आणि दोन-दोन मोजे घालून बसलो आहे. विमानतळावर लाल गालिचा होता. तो आमच्या मंत्र्यांसाठी होता, मी कडेकडेने चाललो. सभेत माझ्या खुर्चीपुढे पाटी होती. आमच्या अधिकाऱ्याने सांगितले, त्यावर जनतेचा प्रतिनिधी असे लिहिले आहे. चौतीस वर्षे चळवळीत गेली, दोन वर्षे भूमिगत काढली, एकोणीस महिने आत काढले, पण पाटी पहिल्यांदाच मिळाली. मला ती घरी आणायची होती. मागायची लाज वाटली.

मला दहा मिनिटे दिली होती. मी कुसाबद्दल बोललो. एकेचाळीस बायका संक्रांतीपासून रस्त्यावर बसल्या आहेत, त्यांनी काय पेरले, कुळथाला किती कमी पाणी लागते, सगळे सांगितले. एक बाई हिंदीतून त्यांच्या भाषेत सांगत होती. बोलणे संपले तेव्हा सगळे उभे राहिले. दोनशे माणसे असतील. त्यांच्या मंत्रीणबाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मंजू, मला आपल्या लोकांनी खांद्यावर घेतले आहे, पण ज्यांच्याशी भांडायला गेलो ते उभे राहून टाळ्या वाजवतात हे मी कधी बघितले नव्हते. मी विरघळलो. खोटे कशाला सांगू.

मग लगेच कागद पुढे आला. इंग्रजीत होता. मी अधिकाऱ्याला विचारले, कसणाऱ्याची जमीन सुटली ना. तो म्हणाला, हो अण्णा, तसेच आहे. मी म्हटले, मराठीत वाचून दाखवा. तो म्हणाला, फोटोवाले थांबले आहेत, हॉटेलात गेल्यावर निवांत वाचू. सगळी माणसे अजून उभी होती. तेवढ्या माणसांपुढे, मला हे वाचता येत नाही, असे माझ्या तोंडून निघेना. मी सही केली. रात्री अधिकारी दुसरीकडे जेवायला गेला. कागद माझ्या पिशवीत आहे. त्यातली तारीख तेवढी मला वाचता येते.

गोरक्षला फोन करून चांगलेच सांगतो. चांगलेच असेल. पण मनाला चैन नाही, म्हणून हे तुला लिहिले. तू बरोबर असतीस तर वाचले असतेस. तुझा पासपोर्टचा अर्ज महिनाभर टेबलावर पडला होता. तू भरला नाहीस, मीही जोर केला नाही.

इथून आणखी दोन देशांत भाषणे आहेत. ६ एप्रिलला येतो. हे पत्र तुझ्यापुरते ठेव. हे ओट्यावर देऊ नकोस.

काळजी घे, माझीही थोडी कर.

अण्णा


मखमलाबाद, नाशिक
सोमवार, २ एप्रिल २००१

ति. कुसाआत्यास,
मंजूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस मी जेवले नाही, असं लिहिणार होते. पण ते खरं नाही. जेवले, फक्त चव लागली नाही. आता मी प्रत्येक ओळ लिहून झाली की स्वतःला विचारते की हे झालं आहे का, की होणार आहे असं मला कुणी सांगितलं आहे.

झालेलं तेवढंच लिहिते. मी गोरक्षभाऊंकडे गेले आणि म्हटलं, आपल्या पत्रकात दुरुस्ती छापू या. कराराचा खरा मजकूर मराठीत देऊ आणि वडदऱ्याच्या बायकांना चुकीची बातमी माझ्याकडून गेली हे माझ्या नावानिशी लिहू. ते म्हणाले, अण्णा येऊ देत. मी म्हटलं, तोवर खांब पुढे सरकतात. ते म्हणाले, अण्णांचा सत्कार होऊ दे. मी विचारलं, सत्कार कशाचा आहे. त्यावर ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी देवळात चप्पल घालून शिरले.

मग त्यांनी दार लोटून समजावलं. पेठ आणि सुरगाण्याकडच्या आपल्या लोकांनीही हीच बातमी ऐकून धरणं उठवलं. विधानसभेत विरोधकांनी विचारलं, तर मंत्र्यांनी कागद उंच धरून सांगितलं, तुमच्या क्रांतिकारकाचीच सही आहे, आम्हाला काय विचारता. काल सिन्नरच्या शाखेनं सगळे झेंडे एका गाठोड्यात बांधून जीपवाल्याबरोबर परत पाठवले. चिठ्ठी नाही, काही नाही. ते गाठोडं ऑफिसच्या दारात आहे, आणि कुणी उचलत नाही म्हणून आम्ही सगळे ओलांडून जातो. दुसरीकडे पेपरात पहिल्या पानावर अण्णांचा फोटो आहे आणि खाली लिहिलं आहे की त्यांना राज्याच्या एका समितीचं अध्यक्ष करणार. गोरक्षभाऊ म्हणतात, आज सही चुकली असं म्हटलं तर संघटना संपली. मी म्हटलं, आणि नाही म्हटलं तर? ते म्हणाले, तू फार शिकलीस. हे ते हल्ली रोज म्हणतात. गेल्या वर्षी अर्ज लिहून घ्यायचे असायचे, तेव्हा हीच गोष्ट कौतुकानं सांगायचे.

एक कामाची गोष्ट सापडली आहे. कराराच्या तिसऱ्या पानावर, अगदी खाली, त्या देशाच्या सरकारनं एक अट घातली आहे. सही करणाऱ्या जनतेच्या प्रतिनिधीला मजकूर त्याच्या भाषेत वाचून दाखवलेला नसेल, तर गावकऱ्यांनी २० एप्रिलपर्यंत पुराव्यासकट तक्रार तहसील कार्यालयात द्यावी. मग सगळं काम थांबवायचं, गावात उघड्यावर वाचन करायचं आणि नंतरच पुढे जायचं. तक्रार मी लिहून ठेवली आहे. अडचण पुराव्याची आहे. कागदावर अण्णांच्या सहीच्या वर एक शिक्का आहे आणि त्यात लिहिलं आहे की मजकूर प्रतिनिधीस मराठीत वाचून दाखवला.

अण्णांनी वाचून सही केली का, असं तू विचारलंस. त्याचं उत्तर मी या पत्रात लिहीत नाही. मला ठाऊक नाही असंही लिहीत नाही, कारण एकदा तुला खोटं लिहून काय झालं ते मी बघितलं आहे. मला थोडे दिवस दे.

चिवडा आज सकाळच्या सटाणा गाडीच्या कंडक्टरकडे दिला आहे. हे झालेलं आहे, होणार आहे असं नाही.

माया असू दे, भरवसा परत मिळवायचं मी बघते.

तुझी
मंजू


वडदरे, ता. सटाणा
सोमवार, ९ एप्रिल २००१

चि. मंजुषास,
कुसाबाईचे आशीर्वाद. (लिहिणार ललित.)

चिवडा मिळाला. शेंगदाणे कमी होते. कंडक्टर प्रामाणिक नसावा किंवा तुझी आई.

तुझे पत्र ओट्यावर वाचले. वाचायला नको होते असे ललित म्हणतो, पण आपल्याकडे तशी रीत नाही. शिक्क्याची ओळ आली आणि नवसाबाई उठून उभी राहिली. म्हणाली, वाचून दाखवले होते ना, म्हणजे त्याला कळत होते. कळून सही केली त्याला आमच्याकडे विकणे म्हणतात. मी म्हटले, तोंड सांभाळ, माझा भाऊ दोन पावसाळे तुझ्याच कडब्यात लपला होता, तेव्हा तू त्याला भाकरी नेऊन दिलीस. ती म्हणाली, तेच तर, माझी भाकरी परत दे म्हणावे. आणि गेली. तिच्यामागे सगळ्या गेल्या. पंचवीस वर्षांत ओट्यावर मी एकटी राहिले ते पहिल्यांदा. ललितने बिचाऱ्याने मला बरे वाटावे म्हणून तुरुंगातले एक जुने पत्र वाचून दाखवले. ते मला पाठ आहे.

कुंपण नवसाबाईच्या तुकड्यापर्यंत आले. तिची कुळथाची रास आतल्या बाजूला राहिली. पोलिसांनी ती काढू दिली, पण डोक्यावर पाट्या घेऊन तारेखालून वाकून यावे लागले. तिचे वय अडुसष्ट आहे.

आज पत्रिका आल्या. बुधवारी १८ तारखेला सकाळी दहा वाजता झाडांच्या पहिल्या खड्ड्याचा शुभारंभ, हस्ते वाल्मीक अण्णा. पत्रिकेवर त्याचा फोटो आहे. मफलर बापूचा दिसतो. मला पहिल्या रांगेत बसायला बोलावले आहे, नेत्याची बहीण म्हणून.

मंजू, बाया म्हणतात त्याने विकले. मी म्हणते नाही. पण माझ्याकडे कागद नाही. नुसते माझा भाऊ आहे म्हणून कुणी किती दिवस ऐकेल? मीच ऐकले नसते. तुझ्याकडे काही असेल तर आहे म्हण, नसेल तर नाही म्हण. मधले काही लिहू नकोस, मधले ओट्यावर वाचता येत नाही.

जीव लावलेला आहे, तो काढून घेता येत नाही म्हणून आशीर्वाद.

कुसाबाई
(तिचा अंगठा. आज तिने अंगठा दोनदा उमटवला. पहिला पुसट आला.)


मखमलाबाद, नाशिक
बुधवार, ११ एप्रिल २००१

ति. अण्णांस,
मंजूचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

एकाच गावात असून पत्र लिहिते आहे, कारण तुमच्या विश्रामगृहाच्या दारातून मी दोनदा परत आले. एकदा तुम्ही झोपला होता आणि एकदा बैठकीत होता. दोन्ही वेळा आतून तुमचा खोकला ऐकू येत होता. रविवारी सत्कारात मी रांगेत उभी राहून तुमच्यापर्यंत पोहोचले. तुम्ही डोक्यावर हात ठेवून विचारलंत, चष्म्याचा नंबर वाढला का, आणि मागच्या माणसाकडे वळलात. नंबर वाढलेला नाही, अण्णा. तीन पानं मी सोळा वेळा वाचली, तरी वाढला नाही.

बापूंनी त्या दिवशी अकरा हार केले. तुमच्या गळ्यातला शेवंतीचा त्यांनी स्वतः ओवला, सकाळी चारपासून बसून. त्यांना अजून काही ठाऊक नाही. स्टेजवरून उतरताना तुम्ही तो हार काढून गाडीत ठेवलात, तेव्हा ते मला म्हणाले, अण्णाचा चेहरा बघ, आजारी आहे की काय.

तुमचं ९ मार्चचं पत्र मला २८ला मिळालं. ते माझ्या ट्रंकेत आहे. तुम्ही सांगितलंत तसं ते मी ओट्यावर दिलं नाही. दोन आठवडे झाले. आपल्या घरात, तुमच्यापासून सुरुवात धरली तर, न वाचलं गेलेलं ते पहिलं पत्र आहे. तुम्ही आत होता तेव्हा सरकारनं वाचलं ते माझ्या माणसांनी ऐकावं असं तुम्हीच लिहिलं होतं. हे पत्र सरकारनं वाचलेलं नाही, म्हणून ते माझ्या माणसांनी ऐकू नये, असं म्हणणं मला जमत नाही.

मी तुमच्याशी वाद घालत नाही. तुम्ही त्या दोनशे माणसांपुढे का बोलला नाहीत ते मला इतकं कळतं की ते वाचताना मला स्वतःचीच लाज वाटली. तो पासपोर्टचा अर्ज मी का भरला नाही, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला विमानाची भीती नव्हती. तिकडे कुणी तरी माझं इंग्रजी ऐकेल आणि हसेल, याची होती. तुम्हाला वाचता येत नाही म्हणायची लाज वाटली आणि मला वाचता येतं म्हणायची. दोघांची लाज मिळून एकेचाळीस जणींच्या शेतात खांब उभे राहिले. त्यावर माझी १२ तारखेची ओळ आहेच.

तुम्हाला वाटतं की ते पत्र वाचलं तर लोक म्हणतील, एवढा मोठा नेता, न वाचता सही करून आला. म्हणतील. पण आत्ता ते काय म्हणतात हे गोरक्षभाऊंनी तुम्हाला सांगितलं आहे का? नवसाबाई म्हणते तुम्ही विकलंत. तिच्या कडब्यात तुम्ही दोन पावसाळे काढले, ती नवसाबाई. आत्या तुमच्या बाजूनं एकटीच भांडते आहे आणि मला लिहिते, माझ्याकडे कागद नाही. तो कागद माझ्याकडे आहे, आणि ती विचारत असताना मी गप्प आहे. याहून जास्त मला पेलत नाही.

पुरावा म्हणूनही तेवढाच आहे. मराठीत वाचून दाखवला असा शिक्का त्यांच्याकडे आहे, आणि वाचून दाखवा म्हटलं तर हॉटेलात वाचू असं उत्तर मिळालं, हे तुमच्या अक्षरात माझ्याकडे आहे. मुदत २० तारखेची आहे आणि १८ला तुम्ही कुदळ हातात घेणार आहात. एकदा तुमच्या हातानं खड्डा खणला गेला की कुठलीही तक्रार कोण ऐकेल?

म्हणून मी येत्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, वडदऱ्याला जाते आहे. जुन्या सीबीएस स्टँडवरून सहाची सटाणा गाडी आहे. ओट्यावर आधी माझं १२ मार्चचं पत्र वाचेन आणि कागद आला आहे ही ओळ खोटी होती हे सगळ्यांपुढे, तोंडानं सांगेन. मग करार मराठीत वाचेन, तिन्ही पानं. मग तुमचं पत्र. मग तक्रार वाचून दाखवून, तिच्यावर एकेचाळीस जणींचे अंगठे आणि सह्या घेऊन, त्याच दिवशी दुपारी सटाण्याला तहसीलमध्ये ती देईन आणि पोच घेईन. आत्याला आज दुसरं पत्र टाकलं आहे. त्यात एकच ओळ आहे: आहे, आणि घेऊन येते.

तुमच्या मनाविरुद्ध करते आहे, म्हणून तुमच्या मागे करणार नाही. गाडीत तुमच्यासाठी जागा धरेन. तुम्ही आलात तर पत्र तुमच्या हातात देईन आणि ओट्यावर तुमच्या शेजारी उभी राहीन. तुमचं अक्षर तुम्हीच चांगलं वाचाल. नाही आलात तर मी वाचेन, आणि विरघळलो ही ओळ गाळणार नाही, कारण ती ऐकली की नवसाबाईला तुम्ही ओळखू याल असं मला वाटतं. मला चुकीचंही वाटत असेल. गोरक्षभाऊ म्हणतील, पोरीनं काकाला बुडवलं. त्यांना म्हणू द्या.

बापूंना आज संध्याकाळी सांगणार आहे. ते रागावले तर गाडीभाडं आईकडून घेईन.

तुमचा राग झेलायची तयारी आहे, फक्त माया मधेच थांबवू नका.

तुमची
मंजू

ता. क. सोमवार, १६ एप्रिल. गाडी सहाची आहे, मी साडेपाचपासून स्टँडवर असेन.